मुलांना वाचताना प्रश्न विचारायला कसं शिकवावं? मुलगी दुसरीत आहे, भराभर वाचते, पण काहीच विचारत नाही.

आधी तुम्ही विचारणं थांबवा. गोष्ट संपली रे संपली की 'म्हातारीला वाटेत कोण भेटलं?' असं सुरू केलं, की पोरं समजतात, प्रश्न मोठ्यांनी काढायचे आणि आपण उत्तरं द्यायची. धड्याखालच्या स्वाध्यायाने तेच तर शिकवलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' चालली होती. माझा नियम असा, की पान उलटण्याआधी ज्याला जे खटकलं ते त्याने बोलायचं, आणि मी लगेच उत्तर द्यायचं नाही. एकाने विचारलं, भोपळ्याच्या आतून म्हातारीला वाघ दिसला कसा? मागून एक मुलगी म्हणाली, वाटेत वाघ आहे हे माहीत असताना लेकीने आईला एकटीला धाडलंच का? झालं! जावई कुठे होता, इथपर्यंत चौकशी गेली.

नेमके तेव्हाच एक साहेब भेटीला आले. मोबाइलवर वेळ लावून एकेकाला वाचायला लावलं आणि पोरांसमोरच म्हणाले, "मॅडम, गप्पा नंतर. आधी वेग वाढवा." शेरेबुकातही तेच लिहून गेले.

साहेब, २०२१च्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द सांगितलेत, हे मलाही पाठ आहे. पण ते समजून वाचायचेत, हेही तिथंच आहे. लेकीला जाब विचारणाऱ्या मुलीला गोष्ट समजली की नाही, हे घड्याळ काय सांगणार? आणि ही माझी लहर नाही. अमेरिकेत पॅलिन्स्कर आणि ब्राउन या संशोधकांनी सातवीच्या मुलांना आळीपाळीने शिक्षक करून उताऱ्यावर प्रश्न काढायला लावले. वाचता येतं पण समजत नाही, अशीच ती मुलं होती. त्यांचं आकलन सुधारलं, हे १९८४ साली छापून आलंय.

घरी काय कराल? तुम्हाला स्वतःला खरंच पडलेला प्रश्न वाचता वाचता मोठ्याने बोला. खोटा नको, पोरं लगेच ओळखतात. उत्तर पुस्तकात सापडेल की आपणच तर्क लढवायचा, हे तिला ठरवू द्या. दर पानाला नको, वीट येतो.

आणि हो, अजून अक्षरं जुळवत वाचणाऱ्या मुलाला मध्येच थांबवू नका, त्याचा धागा तुटतो. त्याला आपण वाचून दाखवावं आणि तेव्हा विचारू द्यावं. तुमची मुलगी तर भराभर वाचतेय, तिला खुशाल थांबवा.