वाचकांचे प्रश्न : खाटेशेजारची दहा मिनिटे

प्रश्न : आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ महिन्यातून एका रविवारी परळच्या रुग्णालयांत भेटीला जाणार आहे. टाटा, केईएम, वाडिया सगळी जवळजवळच आहेत. तिथे ख्रिस्तावरच्या आमच्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी भेटीची वेळ विचारून घ्या आणि एका खाटेपाशी दोघांहून जास्त जाऊ नका. घोळका शिरला की शेजारच्या रुग्णाची झोप मोडते आणि सिस्टरही वैतागतात. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने घरीच थांबावे. कॅन्सरवरच्या केमोथेरपीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणूनच हात धुवा, मास्क लावा. फुले आणि कापलेली फळे नेऊ नका.

खाटेवर बसू नये, स्टूल मागून घ्यावे. उभ्याने बोललात तर रुग्णाला मान वर करून पाहावे लागते. "काय झालंय?" यापेक्षा "रात्री झोप लागली का?" हे विचारा. नात्यातल्या कुणाच्या आजाराची हकिगत सांगू नका. दहा मिनिटे पुरेत.

प्रार्थनेआधी परवानगी घ्या, तीही त्याला नाही म्हणणे सोपे जाईल अशा शब्दांत : "प्रार्थना केली तर चालेल का? नको असेल तरी आम्ही बसतोच." नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर हळू आवाजात, मिनिटभर, त्याचे नाव घेऊन, त्याने जे मागितले तेवढेच मागा. उशीखाली पत्रके सरकवू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, याचा फायदा घेणे ही साक्ष नव्हे.

सर्वांत मोठी चूक होते ती "विश्वास ठेवा, बरे व्हाल" या शब्दांत. दुखणे वाढले की तो बिचारा स्वतःच्या विश्वासालाच दोष देत बसतो. औषध बंद करायला तर चुकूनही सुचवू नका. बायबलात मत्तय 25:36 मध्ये प्रभू येशू 'तुम्ही मला बरे केले' असे म्हणत नाही. आजारी असताना भेटायला आलात, एवढेच म्हणतो.

संघातल्या निम्म्या मुलांना मात्र वॉर्डाबाहेर ठेवा. गावाहून आलेला नातेवाईक तिथे फाइल छातीशी धरून बसलेला असतो. त्याला झेरॉक्स काढून द्या, औषधांच्या रांगेत त्याच्यासोबत उभे राहा, तासभर रुग्णापाशी बसून त्याला आंघोळ-जेवणाला मोकळे करा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही असे नातेवाईक भेटतील. पैशांची मदत रोख हातात न देता रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत द्या. आणि वहीत रुग्णाचे नाव व वॉर्ड लिहून ठेवा, आजार नको. पुढच्या महिन्यात नावाने हाक मारलीत की त्याला फार बरे वाटते.

प्रश्न : कल्याणहून सीएसएमटीला रोज उभ्याने प्रवास. शास्त्रवाचन (बायबलवाचन) होतच नाही.
– एक वाचक, कल्याण

उत्तर : गर्दीत वाचू नका, पाठ करा. स्तोत्र 23 ची वचने सहा : सोमवार ते शनिवार रोज एक. बसायला मिळाले तर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. अध्याय 16, रोज एक वाचलात तर तीन आठवड्यांच्या आत संपते. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करणारे बरेच जण तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, अडखळतात. मोबाइलवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा, नाहीतर दुसऱ्याच वचनाला व्हॉट्सअ‍ॅप वाजते.

प्रश्न : ऑफिसात गणपतीचा प्रसाद देतात. मी घेत नाही, तर मैत्रीण दुखावते.
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय 8 व 10) मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा असाच प्रश्न हाताळला आहे, तो आधी शांतपणे वाचा. घ्यायचा नसेल तर आदल्या दिवशीच तिला एकटीला गाठून प्रेमाने सांगा; चारचौघांत हात मागे घेतला की तो अपमान ठरतो. तिच्या डब्यातली भाजी मात्र आवर्जून खा, आणि नाताळच्या करंज्यांचा पहिला डबा तिच्या घरी जाऊ द्या.