शून्य एरर आल्या म्हणजे रेडिओ पास झाला का?

प्रश्न थोडक्यात असा: फायनल इयरचा प्रोजेक्ट, उपग्रहासाठीच्या एसडीआरची, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्या रेडिओची, चाचणी. एकच बोर्ड, त्याच्याच टीएक्सवरून (पाठवणारी बाजू) आरएक्सला (ऐकणारी बाजू) केबल, मध्ये सिग्नल क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर, डेटाचा वेग 9600 बॉड. रात्रभर चालवूनही एकही बिट चुकला नाही, तर आता रिपोर्ट लिहायला घ्यावा का?

नका घेऊ अजून. पाठवणारा आणि ऐकणारा एकाच क्रिस्टलवर, म्हणजे घड्याळाचा ठोका देणाऱ्या एकाच स्फटिकावर, चालतात, तेव्हा घड्याळ पुढे गेलं काय नि मागे पडलं काय, दोघं जोडीनेच जातात. मग चूक दिसणार कुठून? मीही हे केलंय, नाशिकच्या अंबडला. बोर्ड दोन होते, पण सोय म्हणून दोघांना घड्याळाचा एकच 10 मेगाहर्ट्झचा रेफरन्स दिलेला. झिरो एरर, चहा मागवला. मग एकाचा रेफरन्स काढून त्याला स्वतःच्या क्रिस्टलवर सोडला, तर चहा यायच्या आत लॉक गेला, म्हणजे ऐकणाऱ्याची सिग्नलवरची पकड सुटली.

वर अवकाशात आणि खाली जमिनीवर घड्याळं वेगळी असतातच, शिवाय उपग्रहाचा वेग. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा सेकंदाला सुमारे 7 किलोमीटरने आपल्याकडे येत असतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या 23 पीपीएम (दशलक्षात 23 भाग). 437 मेगाहर्ट्झला हा डॉप्लर, म्हणजे वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक, 10 किलोहर्ट्झच्या घरात जातो. एवढं सगळेच धरतात. पण तेच 23 पीपीएम डेटाच्या घड्याळालाही लागतात, आणि तिथे भले भले चुकलेत.

शनीच्या टायटन या चंद्रावर उतरायच्या ह्युजेन्स यानाचंच बघा. कॅसिनी या मोठ्या यानाबरोबर 1997 ला निघालं. कॅसिनीवरचा रिसीव्हर कॅरियरचा (डेटा वाहणाऱ्या मूळ लहरीचा) डॉप्लर झेलत होता, पण बिट सिंक्रोनायझरला, म्हणजे येणाऱ्या बिटांशी ठोका जुळवत राहणाऱ्या लूपला, डेटा रेटमधला फरक झेपत नव्हता. 2000 च्या फेब्रुवारीत युरोपीय अवकाश संस्थेच्या बोरिस स्मेड्स यांनी नासाच्या गोल्डस्टोन अँटेना केंद्रावरून डॉप्लर घातलेला नकली सिग्नल पाठवला तेव्हा हे उघडं पडलं. रिसीव्हरमधलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) तिथे बदलता येत नव्हतं. मग कॅसिनीचा मार्गच बदलला आणि 14 जानेवारी 2005 ला ह्युजेन्स टायटनवर नीट उतरलं. एका लूपच्या अपुऱ्या बँडविड्थपायी (फरक झेलायच्या मर्यादेपायी) अख्खं यान वळवलं! एसडीआर वर न्यायचा तो याचसाठी. नासाचा स्कॅन टेस्टबेड 2012 ला स्पेस स्टेशनवर गेला तेव्हा त्यात तीन एसडीआर होते, आणि त्यांचं सॉफ्टवेअर कक्षेतच बदलत होते.

तुमच्यासाठी: जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरच्या चॅनेल मॉडेल ब्लॉकमध्ये फ्रीक्वेन्सी ऑफसेटच्या शेजारी एपसिलॉन आहे, घड्याळातल्या फरकाचा आकडा. ते 1.0 वरच पडलं असणार. 1.000023 आणि 0.999977, दोन्ही टोकांना चालवून बघा. मग उपग्रहाचा पास (उगवण्यापासून मावळण्यापर्यंतची फेरी) असतो तसा ऑफसेट हळूहळू फिरवा. उपग्रह डोक्यावर असताना डॉप्लर शून्याजवळ असतो, पण बदलतो सगळ्यात झपाट्याने. लूप तुटतात ते तिथे.

नेव्हिगेशनचा, म्हणजे जीपीएस ऐकायचा, भाग वेळ उरला तरच घ्या. जमिनीवर जीपीएसचा डॉप्लर 5 किलोहर्ट्झच्या आसपास शोधला तरी भागतं, कक्षेत 40 पर्यंत शोधावं लागतं. गच्चीवर सिग्नल रेकॉर्ड करा आणि डॉप्लर फाइलमध्येच घाला. बनवलेला जीपीएस सिग्नल अँटेनावरून हवेत सोडायचा नाही म्हणजे नाही. बेकायदा आहे, आणि ओझरला विमानं उतरतात. केबल आणि अ‍ॅटेन्युएटर, बस.

आणि दुसरा बोर्ड मागून आणा कुणाचा तरी. तो जानेवारीत पहाटे गच्चीवर ठेवा, पहिला घरात. आपल्याकडची थंडी क्रिस्टल चांगलाच हलवते. किती हर्ट्झ सरकला ते इथे टाका, मग लूपचं बघू.