५३ व्या वर्षी कळलं, आता त्याचं काय करू?

प्रश्न: ताई, माझ्या भाच्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. त्याच्याबद्दलची प्रश्नावली बहिणीसोबत भरत होते आणि एकेक प्रश्न वाचताना पोटात गोळाच आला, कारण हे सगळं माझंच होतं. ड्रेसच्या मानेचं लेबल मी अजूनही कात्रीने कापते, फोन करायचा असला की काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेते, समारंभाहून आले की दोन दिवस कुणाशी बोलवत नाही. नवरा म्हणतो, एवढं आयुष्य काढलंस ना, आता हे खूळ कशाला? ऑटिस्टिक लोकांच्या एका ग्रुपला जाऊन आले, दोन तास बसले तरी थकले नाही. पण घरी आल्यावर वाटलं, आपण उगाच घुसलो, आपल्याकडे डॉक्टरचा कागद कुठाय?

उत्तर: त्या फोनच्या कागदापाशी मी थांबलेच. माझाही होता तसा, त्यावर 'हॅलो' सुद्धा लिहिलेलं असायचं. मला कळलं ४६ व्या वर्षी.

हे खूळ नाही हो. तुम्ही शाळेत होता तेव्हा, १९८० साली, मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या पुस्तकात ऑटिझमला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली, तीसुद्धा ३० महिन्यांच्या आत दिसणारा लहान मुलांचा आजार म्हणून, मग शांत, अभ्यासू, बाकीच्यांचं बघून बघून वागणारी मुलगी कुणाला दिसणार होती? शिकून घेतलेल्या वागण्यामागे ही लक्षणं झाकली जाऊ शकतात असं त्याच पुस्तकात लिहिलं गेलं ते २०१३ साली. एवढं आयुष्य काढलंत हे खरं, पण कसं काढलंत ते त्या दोन दिवसांना विचारा.

आणि ग्रुपमध्ये थकला नाहीत ते उगाच नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, एकट्या ऑटिस्टिक माणसाची नाही. पुढे २०२० च्या एका अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली, तर सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली, गळती झाली ती मिश्र साखळीत. त्या दोन तासांत तुम्हाला अनुवाद करत बसावं लागलं नाही, इतकंच.

कागद हवाच असेल तर मोठ्या माणसांचं निदान करण्याचा अनुभव असलेले सायकॉलॉजिस्ट शोधा, बहिणीला सोबत न्या, लहानपणच्या गोष्टी तिला आठवतील. सोशल अँग्झायटी (लोकांत वावरण्याची धास्ती) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) वरवर असंच दिसू शकतं, कधी सोबतही असतं, ते तपासलेलं बरं. ऑफिसात सवलत हवी असेल तर सहसा कागद लागतो. पण ग्रुपमध्ये बसायला बऱ्याच ठिकाणी तो मागत नाहीत, तुमच्यासारखे अजून शोधणारे तिथे भरपूर असतात.

मधे मधे खूप रडू येईल, शाळेतली ती मुलगी आठवून. मला वर्षभर यायचं. येऊ द्या.

नवऱ्याला सगळा ऑटिझम एका दमात समजावू नका. पुढच्या समारंभाच्या आधीच सांगून ठेवा, की आल्यावर मला दोन दिवस लागतील, आणि मी रागावलेली नसेन.