सोमवारपासून नको

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. पहाटे साडेचारला उठायचं, उपाशीपोटी सुंठ-मिऱ्याचा काढा, चहा कायमचा बंद, भात बंद, रात्री त्रिफळा. सगळं सोमवारपासून. आणि खाली विचारतोस, इतकं करून पित्त का वाढतंय? अरे, ऑक्टोबर चालू आहे! पावसाळाभर साठलेलं पित्त या उन्हानं उसळतं, हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. त्यावर तू रोज सकाळी मिरी ओततोयस.

काढा बंद कर, विषय संपला. खरी चीड आली ती त्या सोमवारची.

जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, असे चौदा दिवस आयुर्वेदाचा जुना आचार्य वाग्भट, त्यानं आपल्या 'अष्टांगहृदय' ग्रंथात ऋतुसंधी म्हणून वेगळे काढलेत. कुठल्या ऋतूत काय खावं हे हल्ली सगळ्यांना तोंडपाठ असतं, या चौदा दिवसांकडे मात्र कुणी बघत नाही. जुनं क्रमानं सोडायचं, नवं क्रमानं धरायचं. एकाएकी सोडल्या-धरल्यानं रोग होतात, असं त्यानं स्वच्छ लिहिलंय. अंगवळणी पडलेलं अपथ्यसुद्धा पावापावानं, म्हणजे एकेक चतुर्थांश कमी करत सोडायचं. अपथ्यसुद्धा! मग भातानं तुझं काय घोडं मारलंय? साळीचा तांदूळ तर शरदाच्या पथ्यात पहिला आहे.

चहाचंच घे. चार कप पितोस ना, तीन कर. दोन दिवस तिथंच थांब. डोकं धरलं नाही तर आणखी एक कमी कर आणि मध्ये तीन दिवस जाऊ दे. दह्याचंही तेच. शरदात दही, तेलकट, ऊन, दुपारची झोप टाळावी हे खरं, पण रोजची वाटी एकदम पालथी घालू नकोस. आधी पाऊण, मग अर्धी. आणि सुटलेल्या जागी काहीतरी येऊ दे: मुगाचं वरण, पडवळाची भाजी, आवळा, भातावर साजूक तूप. तेही कडकडून भूक लागल्यावर. घड्याळात एक वाजला म्हणून नव्हे.

हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना काहीतरी जोरदार हवं असतं. ऑक्टोबर आला की आमच्याच गल्लीत 'शरीरशुद्धी पॅकेज'चे फलक लागतात. मलाही सुरू करा म्हणाले होते. विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब देऊन पित्त काढणं, हे शरदातलंच, त्याला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. पण आधी पोटातून तूप, मग शेक, आणि नंतर पेजेपासून एकेक पायरी चढत नेहमीच्या जेवणावर यायचं. शनिवार-रविवारच्या सुट्टीत हे बसवायचं कसं? मी नाही बसवलं. माणसं दुसरीकडे गेली, काही वर्षं दवाखान्याचं भाडं मुलानं भरलं. ते आजही सलतं. त्याच्या आईनं मला हट्टी म्हटलं, तीही काही खोटं बोलली नाही. पण घाईनं कुणाचं पोट बिघडवून मी पैसे घेतले नाहीत, आणि या वयात तेवढं म्हणायचा मला हक्क आहे असं मला वाटतं.

असो. तुझ्यावर रागावलोय असं समजू नकोस. तुझ्या वयाची मुलं पंचांग बघत नाहीत, बदललेली हवा अंगाला कळते तेव्हा गोळी घेऊन कामाला जातात. तू निदान विचारलंस. फक्त छातीत कळ आली किंवा शौचाला काळं झालं तर मला लिहीत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. तिथं पावापावानं जायचं नसतं.

आणि पुढचं आताच सांगून ठेवतो. कार्तिकाचे शेवटचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ, याला जुने वैद्य यमदंष्ट्रा, म्हणजे यमाची दाढ, म्हणतात; त्या दिवसांत थोडं जेवणारा तरतो म्हणे. नेमकी तेव्हाच तुळशीची लग्नं उरकून माणसांची सुरू झालेली असतात. पंगतीला जरूर बस. मठ्ठा घे, जिलबी एकच, आणि आग्रह करणाऱ्या मामांना माझं नाव सांग.