'द वॉर ऑफ द रोहिरिम' खरंच इतका टाकाऊ आहे का?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगातला हा ॲनिमेशनपट टाकाऊ नाही, कमकुवत आहे. २०२४ मध्ये चाहत्यांनी त्याला जेवढं झोडपलं, तेवढा तो वाईट नक्कीच नाही.

सगळ्यात मोठी ओरड नायिकेबद्दल, म्हणजे हेल्म राजाची मुलगी हेरा हिच्याबद्दल होती, तिला उगाच घुसडलं म्हणून. पण टोल्किनच्या मूळ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीच्या परिशिष्टात हेल्म राजाला मुलगी आहेच, फक्त तिला नाव दिलेलं नाही. फ्रेका नावाचा सरदार आपल्या मुलासाठी, वुल्फसाठी, तिलाच मागणी घालतो. त्यावरून वाजतं, हेल्म फ्रेकाला ठोसा मारून संपवतो आणि तिथून युद्ध पेटतं. मग गोष्ट तिच्या नजरेतून सांगितली तर बिघडलं कुठे? हां, मूळ कथेत वुल्फला हेल्मचा भाचा फ्रेआलाफ मारतो, इथे हेरा. त्यावर चिडलेल्यांचं मला पटतं.

खरे दोष वेगळेच आहेत. काही परिच्छेदांची कथा सव्वादोन तास ताणली आहे, वुल्फ एकसुरी आहे, पात्रांच्या हालचाली कितीतरी ठिकाणी अवघडलेल्या वाटतात. अंगठ्या गोळा करणारे ऑर्क राक्षस आणि सारुमान जादूगाराचा आवाज तर निव्वळ जुन्या चित्रपटांच्या आठवणी चाळवायला आणलेत.

पण तो हिवाळ्यातला वेढा, बर्फात एकटा शत्रूवर तुटून पडणारा आणि शेवटी उभ्या उभ्या गोठलेला हेल्म! तेवढ्यासाठी तरी एकदा बघाच.