ग्रुपमध्ये सगळे आहेत, काम मात्र दोघांचंच

प्रश्न : मॅडम, सहा जणांना मिळून ऑनलाइन प्रोजेक्ट देतो. दोघं राबतात, मार्क सगळ्यांना. काय करू?

सर, पोरं आळशी आहेत असं लगेच धरून चालू नका. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनियरने माणसांना दोरी ओढायला लावली होती, 1913 मध्ये ते छापून आलं, माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. 1979 मध्ये बिब लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं, तिथेही तेच. आपला वाटा वेगळा दिसणारच नाही म्हटलं की हात ढिला पडतो, आणि ऑनलाइन तर शेजारी बसून बघणारंही कुणी नसतं.

म्हणून ग्रुप चौघांचा करा आणि प्रत्येकाला असा तुकडा द्या जो बाकी कुणाकडेच नाही, त्याने समजावल्याशिवाय इतरांचं अडलंच पाहिजे. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाची 1971 ची जिगसॉ पद्धत म्हणजे हेच. थोडे मार्क वैयक्तिक ठेवा. गुगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत कुणी काय लिहिलं ते दिसतं, पण प्लीज शब्द मोजत बसू नका, तीन पानं पेस्ट करणाऱ्यापेक्षा एक चुकलेला पॅरा नीट करणारी मुलगी जास्त काम करून गेलेली असते.

प्रश्न : मी चर्चा सगळी वाचते, पण लिहायला जमत नाही. सर म्हणतात तू भागच घेत नाहीस.

अगं, वाचूनही शिकणं होतंच, ते वाया नाही. पण तुझ्या डोक्यातलं बाकीच्यांपर्यंत पोचत नाही ना. टाइप करायचं, पुसायचं, परत टाइप करायचं, तोवर चर्चा चार मेसेज पुढे गेलेली, हे मी खूप मुलांचं बघितलंय. मत मांडायचं दडपण येत असेल तर प्रश्न विचार. "तुझा दुसरा मुद्दा नाही कळला, उदाहरण देशील?" एवढी एक ओळ. त्याने समोरच्यालाही परत विचार करावा लागतो.

प्रश्न : लाइव्ह क्लासमध्ये प्रश्न विचारला की नुसती शांतता. कॅमेरे सक्तीचे करू का?

नको, कुणाचं नेट कमजोर असतं, कुणाला घरात वेगळी जागा नसते. आधी थांबून बघा. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक, त्यांनी वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबायचे, तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचार करून यायला लागली. इथे तर माइक अनम्यूट करण्यातच तेवढा वेळ जातो, तेव्हा मनात दहा आकडे मोजा आणि तोवर स्वतः उत्तर देऊ नका.