कानउघाडणी झाली, तर आधी काय करावं

नुकता बाप्तिस्मा झालाय, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रुळताय, आणि पाळकांनी किंवा एखाद्या वडीलधाऱ्या बहिणीने बाजूला घेऊन चूक दाखवली, तर पहिली पाच मिनिटं जपा. बहुतेकांचं तिथेच बिनसतं: समोरच्याचं वाक्य संपायच्या आत खुलासा सुरू होतो. गप्प ऐका. मग एकच विचारा, "नेमकं कधी, काय झालं?" 'तुम्ही गर्विष्ठ आहात' यावर काही करता येत नाही, 'प्रार्थनासभेत दुसऱ्याला बोलू दिलं नाहीत' यावर येतं. घरी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, रात्र जाऊ द्या, मग शास्त्राशी, म्हणजे बायबलशी, ताडून पाहा.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 18:24-26 वाचा. अपुल्लोस उत्तम वक्ता, शास्त्रात पारंगत. पण त्याला फक्त योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. आणि असा विद्वान माणूस तंबू शिवणाऱ्या जोडप्याकडून शिकला! मत्तय 18:15 मध्येही चूक दाखवण्याची पहिली पायरी एकांताचीच. तरीही कुणी चारचौघांत बोललं, तर पद्धत चुकली म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

उत्तेजन, म्हणजे कुणी केलेलं कौतुक, स्वीकारणं मला त्याहून अवघड वाटतं. "छे, मी कुठे" म्हणून झटकू नका. नेमकं काय उपयोगी पडलं ते विचारा, देवाचे आभार माना. तुमचं कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, ओळखायची ती खूण असते. पंधरा दिवसांनी, चूक दाखवणाऱ्याकडे स्वतःहून जा आणि काय बदललेलं दिसतंय ते विचारा.